इंजिनाचा ताप कोण मोजतो?



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, वाङ्मय ऐकता, देशाच्या अर्थकारणाची चिकित्सा ऐकता. अशा मालेत ‘मोटारीच्या इंजिनातील बोटभर लांबीचा एक सेन्सर घरच्या घरी कसा बदलावा’ हा विषय मी सुचविला, तेव्हा चिटणिसांनी मला दोनदा विचारले की, तुम्हांला व्याख्यान द्यावयाचे आहे की गॅरेज काढावयाचे आहे? मी म्हटले, गॅरेज काढण्याइतके ज्ञान मला नाही. परंतु हा बोटभर तुकडा ओळखता न आल्यामुळे मी एकदा माझे कुटुंब घाटात अडकवून बसलो होतो, आणि माझ्या मेहुण्याचे तोंड त्या दिवशी भाजावयाचे थोडक्यात राहिले. तेव्हा ही हकीकत सांगण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे.

आपल्यापैकी ज्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर चालविली असेल, त्यांना चोक आठवत असेल. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू करताना तो दांडा बाहेर ओढावयाचा, इंजिन धापा टाकीत चालू लागले की थोडा आत सारावयाचा, आणि गाडी कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत पोचली की पुरता आत ढकलावयाचा. हे का करावे लागे? पेट्रोल जळते ते त्याची वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. वजनाने एक भाग पेट्रोल आणि जवळजवळ पंधरा भाग हवा, असे प्रमाण असले म्हणजे ज्वलन नीट होते. परंतु इंजिन थंड असले की पेट्रोलाचा बराच भाग वाफ न होता नळीच्या भिंतींना थेंबाथेंबांनी चिकटून राहतो. मग जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून पेट्रोल जास्त द्यावे लागते. इंजिन तापले की ही खैरात बंद केली पाहिजे, नाही तर काळा धूर निघतो, प्लग काजळतात आणि पेट्रोल फुकट जाते.

म्हणजे त्या काळी इंजिनाचा ताप मोजणारे यंत्र कोण, तर चालकच. त्याच्या कानाला आवाज कळे, नाकाला वास कळे, आणि हात चोककडे जाई. हा मान चालकाकडून काढून घेण्याची सुरुवात १९६७ साली झाली म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षी फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीत बॉश कंपनीची विजेच्या मेंदूवर चालणारी पेट्रोल-फवाऱ्याची योजना बसविण्यात आली. आपल्याकडे कार्ब्युरेटर आणि चोक पुढेही कित्येक वर्षे टिकले. आज मात्र नव्या मोटारीत चोक शोधून सापडावयाचा नाही. त्याच्या जागी इंजिनाच्या पाण्यात बुडालेला एक पितळी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्याला दोन तारा जोडलेल्या असतात. हा कूलंटचा तापमान-सेन्सर. तो सांगेल तितकेच इंजिनाच्या मेंदूला कळते. मेंदूला ना कान, ना नाक!

या तुकड्याच्या पोटात काय असते? मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या प्राणिदांची भाजून केलेली एक टिकली असते. तांब्याची तार तापविली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. या टिकलीचे उलट आहे. ती जितकी तापेल तितका तिचा रोध घटतो. ही उलटी चाल मायकेल फॅरडेने १८३३ साली चांदी आणि गंधक यांच्या संयुगात पाहून नोंदवून ठेवली होती. तिचा असा उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या सेन्सरचे आकडे सांगतो: २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ४० अंशांना बाराशेच्या आत, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास, आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली. आपल्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील. ते तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात मिळतात.

आता मेंदू हा रोध वाचतो कसा, ते लक्षात घेतले पाहिजे, कारण पुढची सारी परीक्षा त्यावर उभी आहे. मेंदू आपल्याकडून पाच व्होल्टांचा दाब एका ठरावीक रोधामागून सेन्सरकडे पाठवितो. हे पाच व्होल्ट म्हणजे दोन भावांत वाटावयाची रक्कम समजा. ज्याचा रोध मोठा, त्याला वाटा मोठा. इंजिन थंड असेल तर सेन्सरचा रोध मोठा, त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. इंजिन तापले की त्याचा वाटा घटून अर्ध्या व्होल्टाच्या आसपास येतो. मेंदू हा वाटा पाहतो आणि कोष्टकातून अंश काढतो. तारच तुटली तर? रोध अनंत झाला. पाचच्या पाच व्होल्ट तिकडे दिसू लागले, आणि मेंदू समजतो की बाहेर उणे ४० अंशांची थंडी पडली आहे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर? व्होल्ट शून्य, आणि मेंदूला वाटते की इंजिन भट्टीसारखे तापले आहे. या दोन्ही टोकांच्या गोष्टी मेंदूला संशयास्पद वाटतात. तो पिवळा दिवा लावतो आणि ‘पी ०११८’ किंवा ‘पी ०११७’ असा संकेत लिहून ठेवतो. हे संकेत वाचण्याची सोय अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या मोटारींना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. डॅशबोर्डाखाली सोळा टोचणींचे एक खोबण असते. त्यात बसणारे काडेपेटीएवढे यंत्र आता बाजारात स्वस्त मिळते आणि हातातल्या फोनवर सारे आकडे दाखविते.

तार तुटणे किंवा चिकटणे हा ढळढळीत खोटेपणा झाला, आणि तो पकडला जातो. खरी पंचाईत होते ती जो साक्षीदार थोडेसेच खोटे बोलतो त्याची. त्याचे बोलणे अशक्य कोटीतले नसते, म्हणून मेंदू ते खरे धरून चालतो. माझ्या बाबतीत असेच घडले.

२०१८ सालची गोष्ट. माझी लहान पेट्रोल गाडी चार वर्षांची झाली होती. त्या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, आणि फार तापले तर लाल. एप्रिलपासून हा निळा दिवा लवकर विझेना. लिटरला सतरा किलोमीटर जाणारी गाडी तेरावर आली. पुढे पिवळा दिवाही लागला. गॅरेजात स्कॅनर लावला तो ‘पी ०१२८’ निघाला. याचा अर्थ इतकाच की, इंजिन जितक्या वेळात तापावयास हवे तितक्या वेळात तापलेले दिसत नाही. ‘दिसत नाही’ या शब्दांवर आपण सर्वांनी बोट ठेवावयास हवे होते. मिस्त्रींनी ते ‘तापत नाही’ असे वाचले आणि थर्मोस्टॅट बदलला. पाणी लवकर रेडिएटरकडे जाऊ लागले तर इंजिन तापत नाही, हे खरेच. त्यामुळे त्यांना मी फारसा दोष देत नाही. दिवा पुसून गाडी माझ्या हवाली झाली.

आठ दिवसांनी आम्ही पुण्याहून साताऱ्यास निघालो. मे महिना, गाडीत पाच माणसे. खंबाटकी घाट चढताना पुढे मालमोटारींची रांग लागली. चढावर इंजिनाला भार नको, म्हणून मी वातानुकूलन बंद केले. आपणही कराल, सगळेच करतात. दहा मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ आली. लाल दिवा? तो लागलाच नाही. उलट मघाशीच कुठे निळा विझला होता.

गाडी कडेला घेतली. माझा धाकटा मेहुणा उत्साही. “दाजी, पाणी ओतू या,” म्हणत त्याने बॉनेट उघडले, रुमाल हातावर गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागच्या मालमोटारीचा चालक वरूनच ओरडला, “ओ भाऊ, हात काढा! तोंड जाईल तुमचं!” मेहुण्याने हात मागे घेतला. त्या चालकाचे नाव विचारण्याचे भान आम्हांला राहिले नाही.

तो का ओरडला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नव्हे. आत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाब राहील अशी त्याची कमान असते. त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, ते सुमारे १२० अंशांपर्यंत पाणीच राहते. झाकण फिरविले की दाब एका क्षणात जातो, आणि १२० अंशांचे पाणी उघड्या हवेत पाणी म्हणून राहूच शकत नाही. प्रत्येक लिटरातील चाळीसेक ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. चाळीस ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे. पण त्यांच्या वाफेला साठ लिटरांहून अधिक जागा लागते. ही वाफ उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर घेऊन वर उसळते, आणि त्या वेळी झाकणावर वाकलेला मनुष्य कोठे असतो हे सांगावयास नको. रुमाल तेथे काय करणार? आम्ही तासभर थांबलो. हात टिकेल इतके सर्व निवल्यावर झाकण उघडले, पिण्याच्या बाटल्या ओतल्या, आणि वातानुकूलन चालू ठेवून हळूहळू साताऱ्यास पोचलो. वातानुकूलन चालू असले की पंखा आपोआप फिरतो. ते बंद केल्यावर पंखा फिरविणे सेन्सरच्या साक्षीवर अवलंबून राहिले, आणि साक्षीदार सांगत होता, इंजिन कोमट आहे! लाल दिवाही त्याच्याच शब्दावर लागावयाचा, म्हणून तोही लागला नाही.

परत आल्यावर भाच्याकडून स्कॅनर आणला. अर्धा तास चाललेल्या इंजिनाचे तापमान त्यावर ६१ अंश दिसत होते. रबरी नळीला बोट लावून ठेवता येत नव्हते आणि हा म्हणतो ६१! झाले, सेन्सर खराब, असा मी निकाल दिला. नवा आणला, रविवारी घरीच बसविला, आणि मोठ्या ऐटीत गाडी चालवून पाहिली. आकडा पुन्हा ६१. गॅरेजात संकेत वाचून थर्मोस्टॅट बदलला होता, मी आकडा वाचून सेन्सर बदलला होता. दोघांच्या अकलेत फरक काय?

योगायोगाने, चालू इंजिनात तारांची जुडी हाताने हलविताना आकडा एकदम ८८ वर गेला आणि परत खाली आला. तारांच्या टोकाशी जो खटका असतो, ज्याला गॅरेजात कपलर म्हणतात, तो उघडून पाहिला. पिनेच्या मागे, जेथे तांब्याची तार दाबून बसविलेली असते, तेथे हिरवा गंज चढला होता. गाडी धुण्याच्या जागी मी हौसेने इंजिनावर जोराच्या पिचकारीने पाणी मारवून घेत असे, त्याचा हा प्रसाद. गंजामुळे वाटेत सुमारे तीनशे ओहमांचा जादा रोध आला होता. पाहा काय होते: सकाळी थंड इंजिनाचा रोध दोन हजार ओहमांच्या घरात असतो, त्यात तीनशेची भर पडली तर तापमान चार-पाच अंशांनीच चुकते. परंतु इंजिन तापून रोध अडीच-पावणेतीनशेवर आला, की तीच तीनशेची भर दुप्पट रोध दाखविते आणि पंचवीस अंशांची चूक होते. थंडीत जवळजवळ खरे बोलणारा साक्षीदार नेमका संकटाच्या वेळी खोटा ठरतो. तार कापून नवी पिन बसविण्याचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटांत केले.

तेव्हा सेन्सर बदलण्याआधी करावयाच्या तपासण्या मी आता आपणांस सांगणार आहे. त्यांना पैसा लागत नाही, फक्त एक रात्र थांबावे लागते.

पहिली तपासणी पहाटेची. गाडी रात्रभर उभी असली की इंजिन, त्यातले पाणी आणि भोवतालची हवा यांचे तापमान जवळजवळ एक होते. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा दुसरा एक सेन्सर गाडीत असतोच. सकाळी किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर दोघांचे आकडे शेजारी शेजारी वाचा. दोन-चार अंशांचा फरक सोडून द्यावा. हवा २२ सांगते आणि पाणी ५८, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. आणि खोटा कोण, हे अंगणात टांगलेला साधा तापमापक सांगेल.

दुसरी तपासणी तारांची. किल्ली चालू, इंजिन बंद. सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. आता कपलरच्या दोन खोबणींत पातळ तारेचा यू सारखा वाकविलेला तुकडा घालून त्या जोडा. आकडा दुसऱ्या टोकाला, १३० किंवा त्याहून वर गेला पाहिजे. दोन्ही टोके गाठली तर मेंदू आणि तारा निर्दोष, दोष सेन्सरचा. टोक गाठले नाही तर सेन्सरला हात लावू नका. काही गाड्यांत संशय येताच मेंदू स्वतःचा एक पर्यायी आकडा दाखवू लागतो आणि पंखाही सुरू करतो. तेव्हा पहिल्या काही क्षणांचा आकडा पाहावा आणि पंख्यापासून हात दूर ठेवावेत. माझ्या गाडीवर ही तपासणी केली असती तर तारा जोडल्यावरही आकडा ऐंशीच्या थोडा वर जाऊन अडकला असता, कारण तीनशे ओहम वाटेत बसलेलेच होते. घाटातला तास आणि नव्या सेन्सरचे पैसे दोन्ही वाचले असते. मात्र एक बजावून सांगतो. तारा जोडण्याचा हा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान-सेन्सरवर करावयाचा. तीन किंवा अधिक तारांच्या सेन्सरवर तो केला तर मेंदूलाच इजा होण्याचा संभव आहे, आणि मेंदूची किंमत ऐकून आपल्याला ताप येईल.

पुढच्या वर्षी याच मेहुण्याची गाडी सकाळी सुरू होण्यास कुरकुर करू लागली. चार-पाच वेळा किल्ली मारावी, तेव्हा कशीबशी चाले. तापल्यावर मात्र काही तक्रार नाही. पहाटेची तपासणी केली: हवा २२, पाणी ५८. कपलर काढला, उणे ४०. तारा जोडल्या, वरचे टोक. येथे दोष सेन्सरचाच होता. इंजिन गार असताना तो ते तापले आहे असे सांगे, मेंदू पेट्रोल आखडता देई, आणि चोक न ओढलेल्या पद्मिनीसारखी ती गाडी खोकत बसे.

आता प्रत्यक्ष बदलण्याचे काम. ते इंजिन रात्रभर निवल्यावरच करावयाचे. घाटातल्या हकीकतीनंतर त्याचे कारण पुन्हा सांगत नाही. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला. बॅटरीचे उणे टोक पान्याने सैल करून बाजूला ठेवावे. त्यामुळे घड्याळ मागे पडते आणि इंजिन पहिला दिवसभर जरा अडखळत चालते, त्याची धास्ती घेऊ नये.

सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या घराजवळ, इंजिनाच्या डोक्याला लागून असतो. काही गाड्यांत दोन सारखे दिसणारे असतात, एक मेंदूचा आणि एक काट्याचा. कोणता कोणाचा हे पुस्तकात पाहूनच पुढे जावे. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून राहिलेला दाब जाऊ द्यावा आणि पुन्हा बंद करावे; बंद झाकणामुळे सेन्सर काढल्यावर पाणी कमी सांडते. खाली एक रुंद परात ठेवावी, आणि ती स्वयंपाकघरातली नसावी. कूलंटात एथिलीन ग्लायकोल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि लहान मुलेही त्या हिरव्या-तांबड्या रंगाला भुलतात. सांडलेले लगेच पुसून टाकावे. जमलेले गटारात न ओतता बाटलीत भरून, वर नाव लिहून गॅरेजात द्यावे.

कपलरचा खटका दाबून तो सरळ ओढावा. तारांना धरून ओढू नये. माझ्यासारखा दुसरा रोगी तयार होईल. सेन्सर आट्यांचा असेल तर खोल तोंडाचा बॉक्सपाना लावून सैल करावा. नुसत्या स्प्रिंगच्या चापाने धरलेला असेल तर चाप काढून सेन्सर ओढावयाचा. त्याच्या खालची रबरी कडी आत राहिली नाही ना, हे पाहावे. नवा सेन्सर दुसऱ्या हातात तयार ठेवावा. जुना निघाला की भोकावर बोट, आणि लगेच नवा आत. पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवावेत. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे, आणि सेन्सरचे आटे पितळेचे. तिरका बसलेला सेन्सर पान्याने रेटला तर आटे डोक्याचे जातात, आणि मग काही शे रुपयांच्या कामाचे काही हजारांचे होते. बोटांनी बसला की पान्याने थोडासा आवळावा, पुस्तकात माप दिले असेल तितकाच. वायसर नवा वापरावा. आट्यांवर पांढरी फीत गुंडाळण्याची आपल्याकडे नळकाम्यांपासून आलेली सवय आहे; पुस्तकात सांगितली नसेल तर ती नको. एका तारेच्या जुन्या सेन्सरना त्या आट्यांतूनच अर्थिंग मिळते, आणि फीत ती वाट तोडते.

हा प्रसंग आला असताना एक मौजेचा प्रयोग सुचवितो. बसविण्यापूर्वी जुना आणि नवा दोन्ही सेन्सर एका टाकाऊ डब्यात पाणी घेऊन त्यात टोकाने बुडवावेत, पाणी तापवीत न्यावे आणि मीटरने दोघांचा रोध मोजीत जावे. आम्ही तसे केले. गार पाण्यात नव्याचा रोध सव्वादोन हजारांच्या जवळ, तर जुन्याचा साडेसहाशेच्याही आत होता. पाणी तापत गेले तसे दोघे एकमेकांच्या जवळ येत गेले. म्हणूनच तापलेल्या इंजिनात तक्रार नव्हती! उकळत्या पाण्याला शंभर अंश समजून मात्र फसू नका. पुण्याच्या उंचीवर ते अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, महाबळेश्वरी त्याहूनही आधी.

सेन्सर बसला, कपलर ‘टक्’ असा आवाज होऊन लागला, बॅटरी जोडली. आता सांडले तितके कूलंट भरावयाचे. गाडीला सांगितलेल्या जातीचेच घ्यावे, आणि ते तीव्र असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मेनिम्मे मिसळावे. बोअरचे पाणी घालू नये, त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो नेमका सेन्सरपाशी अडकण्याची शक्यता असते, आणि मग नवा सेन्सरही पाण्याऐवजी वाफेचे तापमान सांगू लागतो. काही इंजिनांना हवा सोडण्याचा लहानसा स्क्रू असतो. तो नसेल तर इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालवून, पुन्हा पुरते निवू देऊन, टाकीतली पातळी पाहावी आणि घट आली असेल ती भरून काढावी. हे निवणे आणि भरणे दोनदा करावे लागले तर कंटाळू नये. शेवटी स्कॅनरने जुना संकेत पुसावा.

याच धर्तीवर सगळे सेन्सर घरी बदलता येतील असा समज मी करून देऊ इच्छीत नाही. धुराच्या नळीतला प्राणवायूचा सेन्सर उष्णतेने आट्यांत जाम बसलेला असतो. तो काढताना नळीचे आटे निघून हाती येतात. दट्ट्यांची वेळ सांगणारा सेन्सर काही गाड्यांत अशा अडचणीत असतो की गाडी वर उचलावी लागते, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. अपघातात फुगणाऱ्या उशीच्या सेन्सरांना तर घरी हातही लावू नये. तापमानाचा सेन्सर हे त्यातल्या त्यात सौम्य प्रकरण, आणि तेही गार इंजिनावर.

मेहुण्याच्या गाडीचे काम आम्ही शनिवारी संध्याकाळी संपविले. तो म्हणाला, “दाजी, चालवून बघू या.” मी म्हटले, आज नव्हे. रविवारी पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला. हवा २१, पाणी २२, आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती.